गजकर्ण : मूल, जनावर आणि शाळा
(केंद्र-बैठकीत प्राथमिक शिक्षकांपुढे वाचावयाचे भाषण)



ठाणे-बेलापूर रस्त्यावर, पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधील चिंचोळ्या पट्टीत दिघा हे गाव आहे. या पट्टीतील गावे एके काळी भातशेती, मिठागरे आणि मासेमारी यांवर जगत. पुढे कारखाने आले, कारखान्यांमागून देशोदेशीची कष्टकरी कुटुंबे आली. १९९२ साली नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला आणि १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव हे रेल्वे स्थानकही उघडले. गाव शहरात गेले. परंतु जनावर माणसाच्या घरातून गेले नाही. उंदरांसाठी मांजर, राखणीसाठी कुत्रा, दारात कोंबड्या, क्वचित एखादी शेळी, असा संसार तेथील दाट वस्तीत आजही दिसतो. घर एका खोलीचे असते. दिवसा जेथे मांजर पसरते, तेथेच रात्री मुलांचे अंथरूण पडते. पावसाळ्यात कपडे चार चार दिवस वाळत नाहीत आणि अंगाची ओल जात नाही.

शहापूर, मुरबाड, भिवंडी या तालुक्यांतील गावे दिघ्यासारखी नाहीत. तेथे घरे मोकळी आहेत. परंतु मांजराच्या जोडीला वासरू आहे आणि शाळेत येण्यापूर्वी गोठ्यात शेण भरणारी मुले आहेत. तेव्हा खाडीकाठची दाट वस्ती असो की डोंगराकडचा पाडा असो, एक प्रश्न दोन्हीकडे सारखाच उभा राहतो. तो म्हणजे जनावरापासून मुलाच्या अंगावर येणारे गजकर्ण. कोणी त्याला नायटा म्हणतात, कोणी दाद म्हणतात. हा रोग जीव घेत नाही, म्हणून त्याची कोणी गणना करीत नाही. परंतु तो मुलाची झोप, वर्गातील लक्ष आणि कित्येकदा शेजारी बसणारा मित्रही हिरावून घेतो. म्हणून त्याचा विचार शिक्षकांनी करणे अगत्याचे आहे.

आषाढ-श्रावणात कोणत्याही वर्गात दिसणारे उदाहरण घ्यावे. तिसरीतील एका मुलीच्या दंडावर रुपयाएवढा तांबूस चट्टा उमटतो. त्याची कड उंचावलेली व बारीक पुरळांची असते, मधला भाग निवळलेला असतो आणि कडेला कोंडा सुटतो. मुलगी सारखी खाजवते. मग तीन गोष्टी घडतात. वर्गात तिला कोपऱ्यात वेगळे बसविले जाते. घरचे लोक दुकानातून एखादे मलम आणून चोळतात. आणि घरात मांजर असल्यास ते पोत्यात घालून लांब नेऊन सोडले जाते. तिन्ही गोष्टी करणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. परंतु तिन्हींपैकी एकीनेही रोग जात नाही. उलट तीन प्रकारचे नुकसान मात्र होते. असे का होते हे समजण्यासाठी रोगाचे मूळ पाहिले पाहिजे.

इंग्रजीत या रोगाला ‘रिंगवर्म’ म्हणजे कड्यासारखा किडा असे नाव पडले आहे. वस्तुतः येथे किडा किंवा जंत काही नाही. शिळ्या भाकरीवर जशी बुरशी वाढते, तशीच एका जातीची बुरशी माणसाच्या कातडीवर वाढते. कातडीचा सर्वांत वरचा निर्जीव थर, केस आणि नखे ही केराटिन नावाच्या द्रव्याची बनलेली असतात. तेच या बुरशीचे अन्न होय. एका ठिकाणी रुजल्यावर ती चोहोबाजूंनी बाहेर पसरत जाते. जेथे ती नव्याने पोहोचते तेथे शरीराचा प्रतिकार पेटतो आणि मागचा भाग निवळू लागतो. चट्टा कड्यासारखा दिसतो तो यामुळे.

हे ज्ञान फार जुने नाही, पण अगदी नवेही नाही. हंगेरीत जन्मलेला डेव्हिड ग्रुबी हा वैद्य पॅरिसमध्ये काम करीत असे. १८४१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्याने सूक्ष्मदर्शकाखाली मुलांच्या डोक्यावरील खपल्या व केस तपासून त्यांत बुरशी दाखविली. पाश्चर आणि कॉख यांचे प्रसिद्ध शोध लागण्यापूर्वीची ही गोष्ट आहे. सूक्ष्म जीव माणसाला रोग देऊ शकतो याचे एक आरंभीचे प्रमाण या साध्या वाटणाऱ्या नायट्याने दिले.

या बुरशीच्या अनेक जाती आहेत. राहण्याच्या जागेवरून त्यांचे तीन वर्ग करतात. काही जाती माणसाच्या अंगावरच वस्ती करतात, काही जनावरांच्या अंगावर आणि काही मातीत. जनावरांकडील जातींपैकी ‘मायक्रोस्पोरम कॅनिस’ ही मुख्यत्वे मांजरांवर आणि कुत्र्यांवर आढळते. १९०२ साली बोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. कॅनिस म्हणजे कुत्र्याची. परंतु नाव कुत्र्याचे असले तरी तिचे खरे माहेर मांजराच्या अंगावर आहे. गुरांवर, विशेषतः वासरांवर, ‘ट्रायकोफायटन व्हेरुकोसम’ ही जात असते. ससा, गिनीपिग, उंदीर यांच्या अंगावर ‘ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटीस’ या गटातील जाती असतात.

जनावराच्या अंगावरील लक्षणे ओळखता येतात. वासराच्या डोळ्यांभोवती, कानांवर व मानेवर राखेच्या रंगाच्या जाड खपल्या धरतात आणि तेथील केस जातात. मांजराच्या पिलाच्या तोंडावर, कानांवर किंवा पंजांवर केस तुटलेले गोल ठिपके दिसतात. परंतु एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवली पाहिजे. मोठ्या मांजराच्या अंगावर पुष्कळदा काहीच दिसत नाही. ते धडधाकट असते, मऊ असते, आणि बुरशीचे बीजकण केसांतून वाहत असते. जनावराचा गळलेला केस, अंगाचा कोंडा, ते निजते ते पोते यांतून हे बीजकण पसरतात आणि कोरड्या सावलीच्या जागी कित्येक महिने जिवंत राहू शकतात. ते मुलाच्या अंगावर रुजले, की साधारणपणे एक ते तीन आठवड्यांत चट्टा उमटतो.

आता मांजर हाकलून दिल्याने रोग का जात नाही, हे स्पष्ट होते. मांजर जाते; त्याचे केस अंथरुणात, पोत्यात आणि फटीत राहतात. शिवाय सोडलेले मांजर दुसऱ्या वस्तीत जाते आणि रोगही आपल्याबरोबर नेते. ज्या घरी गाय किंवा म्हैस आहे, तेथे तर जनावर हाकलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जनावरावर उपचार करणे हाच खरा मार्ग आहे. नॉर्वे देशाने १९७९ पासून गुरांना या रोगाची लस टोचण्याची मोहीम चालविली आणि तेथील गोठ्यांतून हा रोग बहुतांशी मागे हटला. आपल्याकडे पशुवैद्यकीय दवाखाने गावोगावी पोहोचले आहेत. मुंबईत परळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे. जनावराला औषध लावणे, त्याच्या अंगावरील खपल्या व केस हाती न घेता जाळून टाकणे, त्याची निजण्याची जागा धुऊन उन्हात घालणे ही कामे पशुवैद्याच्या सल्ल्याने घरच्या माणसांना करता येतात.

जनावरापासून आलेल्या रोगाची एक खूण आहे. माणसावर वस्ती करणारी बुरशी माणसाच्या शरीराशी जमवून घेते. म्हणून तिचा चट्टा सौम्य पण चिवट असतो. जनावराची बुरशी शरीराला परकी वाटते. म्हणून तेथे सूज, लाली व पाणी अधिक दिसते. मुलाच्या डोक्यात ती शिरल्यास कधी कधी मऊ, फुगीर, पू भरलेली गाठ होते आणि तिच्यावरील केस हात लावताच निघून येतात. ही गाठ गळवासारखी दिसते. गळू समजून ती पिळण्याने किंवा फोडण्याने काही साधत नाही. तिचे मूळ कारण बुरशी असते. वेळेवर औषध न मिळाल्यास तेथे वण राहतो आणि त्या जागी पुन्हा केस उगवत नाहीत. डोक्यातील बुरशी केसांच्या मुळांत असते, म्हणून वरून लावलेले मलम तेथवर पोहोचत नाही. त्यासाठी डॉक्टरांनी दिलेले पोटात घेण्याचे औषध कित्येक आठवडे नियमाने घ्यावे लागते.

हे औषध उपलब्ध नव्हते तेव्हा मुलांचे काय होत असे, याचा इतिहास शिक्षकांना विचार करावयास लावणारा आहे. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डोक्याचे केस एकेक करून उपटणे हा उपचार होता आणि त्याला महिनेच्या महिने लागत. अशा मुलांना शाळेत घेत नसत. त्यांचे शिक्षण बुडू नये म्हणून १८८६ साली त्या रुग्णालयाच्या आवारातच त्यांच्यासाठी शाळा उघडण्यात आली. पुढे क्ष-किरणांनी केस झडविण्याची पद्धत निघाली. अनेक देशांत हजारो मुलांवर ती वापरली गेली. आणि वर्षांनंतर त्यांच्यापैकी काहींना त्या किरणांमुळे अधिक भयंकर रोग जडल्याचे दिसून आले. खरा उपाय मिळाला तो बुरशीकडूनच. एका बुरशीपासून १९३९ साली वेगळे काढलेले ग्रिसिओफल्विन हे द्रव्य पोटातून दिले असता गजकर्ण बरे होते, हे १९५८ साली गिनीपिगांवरील प्रयोगांनी सिद्ध झाले. ज्या प्राण्यापासून माणसाला हा रोग होतो, त्याच प्राण्याने त्याचे औषध पारखून दिले.

यावरून एक निष्कर्ष निघतो. मुलाला शाळेबाहेर ठेवावे लागे, ते औषध नव्हते म्हणून. आज औषध आहे. उपचार सुरू झालेले मूल वर्गात बसू शकते. चट्टा कपड्याने झाकलेला असावा, टॉवेल, कंगवा, टोपी ही ज्याची त्याने वापरावी, आणि चट्टा बरा होईपर्यंत कुस्ती-कबड्डीसारखे अंगाशी अंग लागणारे खेळ मुलाने टाळावेत, एवढी दक्षता पुरेशी आहे. कोपऱ्यात बसविणे हा उपचार नव्हे. ती शिक्षा आहे, आणि ज्याने अपराध केला नाही त्याला ती दिली जाते. शिवाय तिचा परिणाम उलटा होतो. एका मुलीला वेगळी बसविलेली पाहून दुसऱ्या चार मुली आपले चट्टे बाह्यांखाली लपवितात, आणि लपविलेला रोगच अधिक पसरतो.

आता तिसऱ्या गोष्टीकडे, म्हणजे दुकानातील मलमाकडे वळावे. या तिहींत अधिक घातक गोष्ट हीच आहे. खाजेवर विकल्या जाणाऱ्या कित्येक मलमांत बुरशीच्या औषधाबरोबर तीव्र स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइडने शरीराचा प्रतिकार दबतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते आणि घरच्यांना मलम गुणकारी वाटते. आत मात्र बुरशी निर्वेधपणे वाढत राहते. मलम थांबविताच चट्टा दुप्पट होऊन परत येतो. त्याचे कडेही पुसट झालेले असते, म्हणून डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. कातडी पातळ होते, मांड्यांवर व काखेत कायमचे वळ पडतात. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. परंतु नियम कागदावर असून भागत नाही, तो घरोघरी कळला पाहिजे.

या मलमांच्या गैरवापराशी आणखी एका संकटाचा संबंध तज्ज्ञ जोडतात. गेल्या दशकभरात भारतात गजकर्णाचा फैलाव फार वाढला आहे. घरातील एकाला झाले की सर्वांना होते आणि बरे झालेले पुन्हा उलटते. या फैलावाला मुख्यतः जी बुरशी कारणीभूत आहे, तिला २०२० साली जपानी संशोधकांनी ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले. त्यांनी अभ्यासलेले रुग्ण भारतातील व नेपाळातील होते. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ही बुरशी पुष्कळदा दाद देत नाही. आणि ती जनावरापासून नव्हे, तर बहुतांशी माणसापासून माणसाला होते.

म्हणून जनावराला दोष देण्यापूर्वी विचारपूस केली पाहिजे. घरातील वडीलधाऱ्यांच्या जांघेत, कमरेला चट्टे आहेत काय? टॉवेल एकच आहे काय? ओले कपडे अंगावर वाळतात काय? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर मांजर बहुधा निर्दोष आहे. उलट, चट्टा मुलाच्या तोंडावर, मानेवर, हातांवर किंवा डोक्यात असेल, त्याला सूज असेल, आणि महिन्याभरात घरात नवे पिलू आले असेल किंवा वासराच्या अंगावर खपल्या असतील, तर जनावराकडे पाहावे. नखांची गोष्टही अशीच आहे. नख जाड, पिवळट व ठिसूळ होणे हा बुरशीचा विकार मुख्यतः प्रौढांत दिसतो आणि बहुधा माणसावरील बुरशीमुळे होतो. जनावरापासून नखाला तो होणे विरळा. परंतु आजोबांच्या पायाच्या नखांत दडलेली बुरशी नातवंडाच्या अंगावर येऊ शकते; म्हणून घरातील नखांकडेही लक्ष असावे.

गावात आणखी एक भीती असते. अंगावर चट्टा दिसला की कोणी कुष्ठरोगाचे नाव उच्चारतो आणि मुलाच्या घरावर बहिष्काराची छाया पडते. गजकर्णाला खाज असते व त्याची कड पुरळांची असते. कुष्ठरोगाचा चट्टा सहसा खाजत नाही. तो फिकट किंवा तांबूस असून त्या जागेची संवेदना कमी झालेली असते. खरजेत बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ येतात आणि रात्री खाज वाढते. हा भेद शिक्षकांना माहीत असावा, तो निदान करण्यासाठी नव्हे, तर अफवा थांबविण्यासाठी. निदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे. चट्ट्याची कड खरवडून, तो कोंडा पोटॅशच्या द्रावणात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशीचे धागे दिसतात. चाचणी इतकी सोपी आहे. कुष्ठरोगाचा संशय आला तरी घाबरण्याचे कारण नाही. त्याचे औषधही शासकीय दवाखान्यांत विनामूल्य मिळते आणि तोही बरा होतो.

मग शिक्षकाने नेमके काय करावे? पहिली गोष्ट, पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस मुलांचे हात, मान व डोके सहज पाहावे. वर्गासमोर नव्हे, एकेकाला जवळ बोलावून. दुसरी गोष्ट, चट्टा आढळल्यास पालकांना शाळेत बोलावून एकांतात सांगावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडून शाळांतील मुलांची तपासणी होते आणि त्यांच्या तपासणीच्या यादीत त्वचारोगांचाही समावेश आहे. हा कार्यक्रम देशभरासाठी ज्या पालघर येथून सुरू झाला, ते ६ फेब्रुवारी २०१३ रोजी ठाणे जिल्ह्यातच होते. पथक येईल तेव्हा अशा मुलांची नावे तयार असावीत. परंतु चट्टा ताजा असेल तर पथकाची वाट पाहत बसू नये.

तिसरी गोष्ट, पालकांना तीन वाक्ये पुन्हा पुन्हा सांगावीत. दुकानातून मलम आणू नये. खाज थांबली तरी डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसांपर्यंत औषध सोडू नये. आणि जनावराला सोडून न देता पशुवैद्याकडे न्यावे. चौथी गोष्ट, घराच्या स्वच्छतेची रीत समजावून द्यावी. केरसुणीने कोरडे झाडल्यास केस व कोंडा हवेत उडतो. म्हणून ओल्या फडक्याने पुसावे. अंथरूण, टॉवेल व आतले कपडे गरम पाण्याने धुऊन उन्हात कडक वाळवावेत. गोठ्यातून आल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवावेत. मांजराला अंथरुणात घेऊ नये. त्याचे पोते वेगळे ठेवून आठवड्याला उन्हात टाकावे.

पाचवी गोष्ट ही शिक्षकाची स्वतःची, दुसऱ्या कोणाला न करता येणारी आहे. परिसर अभ्यासाच्या तासाला ओलसर भाकरीचा तुकडा झाकण लावलेल्या काचेच्या बरणीत चार दिवस ठेवावा. तिच्यावर बुरशी आली म्हणजे झाकण न उघडता मुलांना दाखवावी आणि सांगावे की, अशाच एका बुरशीला कातडी आवडते. ती ओलीत वाढते आणि उन्हाला व औषधाला घाबरते. ज्या मुलाने ही बरणी पाहिली, ते मूल चट्ट्याला पाप किंवा शाप समजणार नाही, शेजारच्या मुलाला हिणवणार नाही आणि घरी जाऊन आईला टॉवेल वेगळा मागेल. प्राथमिक शाळेतील एक तास घरातील पाच माणसांपर्यंत कसा पोहोचतो, हे शिक्षकांना वेगळे सांगावयास नको.

जनावर पाळणे ही मुलाच्या वाढीतील चांगली गोष्ट आहे. मुक्या जिवाला वेळेवर पाणी देणारे मूल जबाबदारी शिकते. गजकर्णाच्या भीतीने ते नाते तोडण्याचे कारण नाही. ते जाणतेपणाने जोपासण्याचे कारण आहे. मुलावर उपचार, जनावरावर उपचार आणि घरात कोरडेपणा या तिन्ही गोष्टी एकाच वेळी झाल्या, तर चट्टा जातो, मांजर घरात राहते आणि मूल आपल्या जागेवर, आपल्या मित्राशेजारी बसते. यांपैकी एक जरी राहिली, तरी पुढच्या पावसाळ्यात तोच चट्टा पुन्हा वर्गात येतो. जून महिन्यात शाळा उघडताच या कामाला आरंभ व्हावा, एवढीच शिक्षकवर्गाकडून अपेक्षा आहे.